वीटभट्ट्यांच्या ओसाड खड्ड्यांत रानभाताला आसरा

वाराणसी : वीटभट्टीसाठी माती काढून झाल्यावर मागे राहणारे उथळ खड्डे महसुली व्यवहारात निरुपयोगी जमीन समजले जातात. पावसाळ्यात मात्र हेच खड्डे हंगामी पाणथळींचे रूप घेतात आणि शेती व वस्तीच्या विस्ताराने जागा गमावलेल्या जलवनस्पतींना आसरा देतात. त्यांतील सर्वांत मोलाची वनस्पती म्हणजे लागवडीच्या भाताचा निकटचा आप्त असलेला रानभात.

खड्ड्याची पाणथळ कशी होते?

वाराणसी, चंदौली, मिर्झापूर, जौनपूर या पट्ट्यात गंगेच्या गाळाची चिकणमाती विटांना उत्तम समजली जाते. पावसाळ्यात भट्ट्या बंद असतात. एका शेतातील माती संपली की खोदकाम दुसरीकडे सरकते. भट्ट्यांनी कमी धुराचे झिगझॅग तंत्र स्वीकारावे, असा नियम केंद्र सरकारने फेब्रुवारी २०२२ मध्ये केला. हवेचे निकष न पाळणाऱ्या शहरांच्या १० किलोमीटर परिसरातील भट्ट्यांना त्यासाठी एका वर्षाची मुदत होती. अशा शहरांत वाराणसीचाही समावेश आहे.

काम थांबल्यावर खड्ड्याच्या चिकण तळात पाणी साचून राहते. लव्हाळे व पाणकणीस काठावर वाढतात, कुमुद व शिंगाडा पाण्यावर पसरतात. उन्हाळ्यात खड्डा कोरडा पडतो. हाच ओल्या-कोरड्याचा क्रम ‘ओरायझा निव्हारा’ या एकवर्षायू रानभाताला मानवतो. गंगेच्या मैदानात तो तळ्यांचे काठ, चर आणि उथळ खड्डे अशा जागी उगवतो. पिकताच त्याचे दाणे गळतात व सुकलेल्या चिखलात पुढील पावसाची वाट पाहतात.

व्रतातले धान्य, संशोधनातले बीज

पूर्वांचलात रानभाताला ‘तिन्नी’ म्हणतात. ललही छठच्या व्रतात, म्हणजे महाराष्ट्राच्या पंचांगानुसार श्रावण वद्य षष्ठीला, नांगरलेल्या जमिनीतील धान्य वर्ज्य असल्याने तिन्नीचा भात खाल्ला जातो. महाराष्ट्रात ऋषिपंचमीला बैलाच्या कष्टाचे अन्न न खाण्याची प्रथा याच जातीची आहे. रानभाताला मराठीत ‘देवभात’ असेही नाव आहे.

या गवताचे महत्त्व १९७० च्या दशकात जगासमोर आले. आशियातील भातशेतीवर ‘ग्रासी स्टंट’ या विषाणूजन्य रोगाने संकट आणले होते. फिलिपिन्समधील आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेने ६ हजारांहून अधिक नमुने तपासले. परिणामकारक रोगप्रतिकारशक्ती आढळली ती उत्तर प्रदेशातून गोळा केलेल्या ‘निव्हारा’च्या एका नमुन्यात. त्यातील गुण गुरुदेव खुश यांच्या नेतृत्वाखाली लागवडीच्या वाणांत उतरवण्यात आला. त्यांपैकी १९७६ मध्ये प्रसारित झालेला ‘आयआर ३६’ पुढे सुमारे १ कोटी १० लाख हेक्टरांवर घेतला गेला. याच संस्थेचे दक्षिण आशिया प्रादेशिक केंद्र २९ डिसेंबर २०१८ रोजी वाराणसीत सुरू झाले.

‘निव्हारा’ ही जात दुर्मीळ नाही; तिच्या एखाद्या समूहातील गुण मात्र अत्यंत दुर्मीळ असू शकतो. म्हणूनच एक खड्डा बुजणे ही किरकोळ बाब ठरत नाही. बियाणे पेढीत नमुने सुरक्षित राहतात, परंतु बदलत्या हवामानाशी व रोगांशी जुळवून घेण्याची प्रक्रिया जमिनीवरच चालते.

धोके आणि कायदा

राडारोडा व कचऱ्याची भर, जलपर्णी व बेशरमाचे आक्रमण आणि शेजारच्या शेतातील भाताशी होणारा संकर हे मुख्य धोके आहेत. हेतू चांगला असलेले खोलीकरणही घातक ठरू शकते. एप्रिल २०२२ मध्ये सुरू झालेल्या ‘अमृत सरोवर’ योजनेत किमान १ एकर क्षेत्र व सुमारे १० हजार घनमीटर साठा अपेक्षित आहे. याचा अर्थ सरासरी अडीच मीटर खोली. इतक्या खोल पाण्यात व उभ्या काठांवर ‘निव्हारा’ तग धरत नाही. एक काठ उतरता व उथळ राखल्यास पाणीसाठा आणि वनस्पती दोन्ही साधू शकतात.

पाणथळ नियम, २०१७ नुसार पाणथळ नैसर्गिक वा कृत्रिम, कायम वा हंगामी असू शकते. जलशेती, मीठ उत्पादन, सिंचन आदींसाठी मुद्दाम बांधलेल्या रचना त्यातून वगळल्या आहेत. वीटमातीच्या खड्ड्यांचा या यादीत उल्लेख नाही. अडचण आकाराची आहे. इस्रोच्या २०११ च्या राष्ट्रीय नकाशासंग्रहात सव्वादोन हेक्टरांहून लहान ५,५५,५५७ पाणथळी केवळ ठिपक्यांनी दर्शवल्या आहेत.

मानवी खोदकामातून घडलेल्या पाणथळींना प्रतिष्ठा मिळाल्याचे उदाहरण इंग्लंडमध्ये आहे. नॉरफोकची ‘ब्रॉड्स’ सरोवरे नैसर्गिक मानली जात होती. ती मध्ययुगात इंधनासाठी पीट खोदल्याने तयार झाल्याचे वनस्पतिशास्त्रज्ञ जॉयस लँबर्ट यांनी १९५० च्या दशकात दाखवून दिले. आज त्या परिसराला राष्ट्रीय उद्यानाच्या तोडीचे संरक्षण असून दुर्मीळ ‘फेन ऑर्किड’ तेथे टिकून आहे.