गर्लिट्सची संध्याकाळ आणि नंतरच्या ध्वनिमुद्रिका

दि. १५ जानेवारी १९४१ रोजी सायलेशिया प्रांतातील गर्लिट्स येथील जर्मन युद्धकैदी छावणीच्या एका बराकीत चार फ्रेंच कैद्यांनी एक नवी संगीतरचना वाजविली. कडाक्याची थंडी होती. पुढच्या रांगेत जर्मन अधिकारी आणि त्यांच्यामागे दाटीवाटीने बसलेले कैदी, असा श्रोतृवर्ग होता. ऑलिव्हिए मेसियां यांचा 'काळाच्या अंतासाठी क्वार्टेट' तो हाच. व्हायोलिन, क्लॅरिनेट, चेलो आणि पियानो अशी चार वाद्ये व आठ भाग असलेली ही रचना आज विसाव्या शतकातील चेंबर म्युझिकची एक अग्रगण्य कृती मानली जाते.

त्या संध्याकाळचे ध्वनिमुद्रण झाले नाही. तसे होणे शक्यही नव्हते. आपल्या हाती उरतात ते दोनच पुरावे: साक्षीदारांच्या आठवणी आणि पुढे निघालेल्या ध्वनिमुद्रिका. इतिहासकार पहिल्या पुराव्याकडे वळतो, संगीताचा रसिक दुसऱ्याकडे. हे दोन्ही पुरावे शेजारी ठेवून पाहावेत, असे आम्हांस फार दिवसांपासून वाटत होते.

प्रथम आठवणी. मेसियां हे श्रद्धाळू कॅथलिक होते. १९३१ पासून १९९२ मध्ये मृत्यू येईपर्यंत ते पॅरिसच्या पवित्र त्रैक्याच्या चर्चचे ऑर्गनवादक होते. प्रकटीकरणाच्या दहाव्या अध्यायात मेघ पांघरलेला आणि मस्तकावर इंद्रधनुष्य धारण करणारा देवदूत दिसतो व यापुढे काळ उरणार नाही असे तो घोषित करतो. त्या देवदूताच्या सन्मानार्थ मेसियां यांनी ही रचना लिहिली. पहिल्या प्रयोगाविषयी ते पुढे सांगत की श्रोते पाच हजार होते आणि चेलोला तीनच तारा होत्या. चेलो वाजविणारे एतिएन पास्किए यांना मात्र हे मान्य नव्हते. त्यांच्या चेलोला चार तारा होत्या. कैद्यांनी वर्गणी काढल्यावर त्यांनी तो गर्लिट्स गावातील दुकानातून विकत आणला होता. तीन तारांवर हा भाग वाजविताच आला नसता, असे ते ठासून सांगत. त्या बराकीत चारशेच्या आसपासच माणसे मावत. अमेरिकन क्लॅरिनेटवादक रिबेका रिशिन यांनी या साऱ्या साक्षी गोळा करून २००३ साली ग्रंथ प्रसिद्ध केला, तेव्हा कोठे ही विसंगती सर्वांपुढे आली.

मेसियां खोटे बोलत होते असे आम्ही म्हणणार नाही. ज्याने भुकेने आणि थंडीने गारठलेल्या माणसांना अनंतकाळाविषयी ऐकविले, त्याच्या मनात ती बराक वाढत गेली असेल, तर त्यात नवल नाही. परंतु पास्किए यांची चौथी तार आम्हांस अधिक प्रिय आहे. तिच्यात त्या अनाम कैद्यांची वर्गणी आहे.

आता ध्वनिमुद्रिका. १९५६ साली मुद्रित झालेली एक तबकडी या बाबतीत अनमोल होय. तिच्यावर पियानो स्वतः मेसियां वाजवितात आणि चेलो एतिएन पास्किए. आठवणींत ज्यांचे जुळत नव्हते, ते दोघे येथे एकत्र आहेत. व्हायोलिनवर एतिएन यांचे बंधू जां पास्किए आणि क्लॅरिनेटवर आंद्रे व्हासेलिए. याच चौघांनी २४ जून १९४१ रोजी पॅरिसमध्ये या रचनेचा तेथील पहिला प्रयोग केला होता. म्हणजे ही तबकडी छावणीची नव्हे, त्यानंतर पाच महिन्यांनी झालेल्या पॅरिसच्या प्रयोगाची वारस आहे. गर्लिट्सचे क्लॅरिनेटवादक आंरी आकोका आणि व्हायोलिनवादक जां ल बुलेर तिच्यावर नाहीत. ल बुलेर यांनी पुढे व्हायोलिन सोडले व जां लानिए या नावाने ते नट झाले. आकोकांविषयी पुढे येईलच.

या तबकडीचा ध्वनी एकमार्गी, जुना आहे. तरीही पाचवा भाग, 'येशूच्या शाश्वततेची स्तुती', ऐकताना आम्ही पुनःपुन्हा तिच्याकडेच वळतो. हा भाग केवळ चेलो व पियानो यांचा आहे. संगीतलिपीत 'अनंतपणे संथ' अशी सूचना असून एका मिनिटात सुमारे ४४ सोळांश मात्रा, असा वेग दिला आहे. एवढ्याशा मात्रेला जवळजवळ दीड सेकंद! चेलोवादकाची यात खरी कसोटी लागते, कारण गज काही अनंत नसतो. तो संपत येतो, आणि सूर मात्र टिकवायचा असतो. आमच्या चर्चमधील गायनमंडळात संथ गीत म्हणताना दुसऱ्याच कडव्याला लय कशी पळू लागते, हे ज्यांनी अनुभवले आहे, त्यांना यातील अवघडपणा समजेल. पास्किए धावत नाहीत. त्यांचा कंप जुन्या पॅरिसच्या घाटाचा, ऊबदार आहे. मेसियां यांचे एकामागून एक येणारे पियानोचे स्वरसंघ भारदस्त पावले टाकीत जातात. सौंदर्य दाखविण्याची घाई कोणासच नाही.

याच्या शेजारी 'ताशी' या अमेरिकन चमूची १९७५ मधील ध्वनिमुद्रिका ठेवावी. पीटर सेरकिन, आयडा काव्हाफियन, फ्रेड शेरी आणि रिचर्ड स्टोल्ट्झमन हे तरुण वादक हीच रचना वाजविण्यासाठी प्रथम एकत्र आले होते. सहाव्या भागात चारही वाद्ये एकच सूर एकदम वाजवितात, सात कर्ण्यांचा क्रोध तो. तेथे ताशीच्या चौघांची एकजूट पोलादासारखी आहे. १९५६ ची तबकडी येथे त्यांच्या जवळपास येत नाही. १९९० च्या सुमारास मेसियां यांच्या पत्नी इव्हॉन लोरिओ यांनीही पियानोवर बसून ही रचना मुद्रित केली, तीही श्रवणीय आहे. पुढे तर उत्तमोत्तम मुद्रणांची रीघच लागली.

पहिल्या भागाविषयी मात्र आमचा थोडा हट्ट आहे, आणि त्याला कारण आपल्याच मातीत आहे. तेराव्या शतकात यादवांच्या देवगिरीस सिंघण राजाच्या पदरी शार्ङ्गदेव नावाचे विद्वान होते. त्यांच्या 'संगीतरत्नाकर' या ग्रंथातील १२० देशी तालांची यादी एका फ्रेंच संगीतकोशात छापली गेली आणि ती तरुण मेसियां यांच्या हाती पडली. क्वार्टेटच्या पहिल्या भागात पियानोची लय रागवर्धन, चंद्रकला आणि लक्ष्मीश या तीन तालांची मिळून झाली आहे. ती १७ मात्रामूल्यांची आहे आणि तिच्यावर २९ स्वरसंघ आळीपाळीने फिरतात. दोहोंचा मेळ बसायला ४९३ स्वरसंघ वाजावे लागतील. ते होण्याच्या कितीतरी आधी हा भाग थांबतो. म्हणजे आपण ऐकतो तो एका न संपणाऱ्या चक्राचा तुकडा. तबल्याची सवय असलेल्या श्रोत्याने येथे सम शोधू नये, ती सापडणार नाही. मेसियां यांना ताल भेटले ते कागदावर, वादकाच्या हातात नव्हे. तरीही दौलताबादच्या किल्ल्याखाली नोंदलेली लय जर्मन छावणीतल्या मोडक्या पियानोवर वाजली, ही गोष्ट आम्हांस विसरता येत नाही.

या भागात क्लॅरिनेट व व्हायोलिन पहाटेच्या पाखरांसारखी किलबिलतात. पुष्कळ मुद्रणांत ही पाखरे इतकी पुढे येतात की पियानो नुसती पार्श्वभूमी होऊन बसतो. मेसियां स्वतः वाजवितात तेव्हा पियानो पाखरांची दखलच घेत नाही, आपले चक्र फिरवीत राहतो. आमच्या मते तेच योग्य.

राहिला तिसरा भाग, 'पक्ष्यांची खोल दरी'. हे एकट्या क्लॅरिनेटचे वादन. छावणीत पोहोचण्यापूर्वीच, नान्सीजवळ उघड्यावर कैदेत असताना मेसियां यांनी हे आकोकांसाठी लिहिले. आकोका अल्जीरियात जन्मलेले ज्यू होते. हे आपल्याच्याने वाजणार नाही, अशी त्यांची तक्रार होती; जमेल, असे मेसियां यांचे उत्तर. या भागात एकच सूर शून्यातून उठून कान दिपविणाऱ्या गर्जनेपर्यंत न्यावा लागतो, आणि तोही एका श्वासात. ताशीचे स्टोल्ट्झमन तो इतका हळू सुरू करतात की सूर कधी जन्मला हे कळत नाही. व्हासेलिए यांचा आरंभ तितका गूढ नाही, पण त्यांच्या सुरात वेताच्या पट्टीची खरखर आहे, माणसाचा श्वास आहे.

आकोकांनी १९४१ मध्ये धावत्या गाडीतून उडी टाकून सुटका करून घेतली, तेव्हाही क्लॅरिनेट त्यांच्या काखेत होते. त्यांच्या वडिलांचा अंत आउशव्हित्सला झाला. आकोका स्वतः १९७५ साली निवर्तले.

नान्सीजवळच्या त्या मोकळ्या मैदानात आकोकांनी हा भाग प्रथम वाजवून पाहिला, तेव्हा संगीताचा कागद ठेवायला घोडी नव्हती. पास्किए यांनी तो हातात धरला होता. १९५६ च्या तबकडीवर या भागात पास्किए यांना वाजविण्यासाठी एकही सूर नाही.