अ‍ॅडॅप्ट म्हणजे काय? फोनमधलं ‘अ‍ॅडॅप्टिव्ह’ नक्की काय करतं?

फोनच्या सेटिंग्जमध्ये अ‍ॅडॅप्टिव्ह ब्राइटनेस, अ‍ॅडॅप्टिव्ह बॅटरी ही नावं तुम्ही पाहिली असतीलच. चार्जरलाही आपण अ‍ॅडॅप्टर म्हणतो. या सगळ्यांत लपलेला अ‍ॅडॅप्ट हा शब्द आला कुठून, चला पाहूया.

अर्थ
अ‍ॅडॅप्ट म्हणजे बदललेल्या परिस्थितीशी जुळवून घेणं. पुस्तकी मराठीत यालाच अनुकूलन म्हणतात.

शब्द कुठून आला?
मूळ लॅटिन. ‘अ‍ॅड’ म्हणजे -कडे, -ला आणि ‘आप्टारे’ म्हणजे नीट बसवणं. फ्रेंचमार्गे तो इंग्रजीत आला. स्पर्धा परीक्षेतला अ‍ॅप्टिट्यूड हा शब्द याच कुळातला. मोबाइलमधलं अ‍ॅप मात्र नाही, ते अ‍ॅप्लिकेशनचं छोटं रूप आहे.

अ‍ॅडॉप्टशी गल्लत नको
अ‍ॅडॉप्ट म्हणजे स्वीकारणं किंवा दत्तक घेणं. त्याच्या मुळाशी ‘ऑप्टारे’, म्हणजे निवडणं, हा लॅटिन शब्द आहे. नवीन फोन घेतला की अ‍ॅडॉप्ट, त्याची सवय करून घेतली की अ‍ॅडॅप्ट!

फोनमध्ये काय होतं?
- अ‍ॅडॅप्टर: घरातली 230 व्होल्टची एसी वीज फोनला चालेल अशा कमी व्होल्टच्या डीसी विजेत बदलतो.
- अ‍ॅडॅप्टिव्ह ब्राइटनेस: सेन्सर आजूबाजूचा उजेड मोजतो. शिवाय तुम्ही स्लायडर कुठे सरकवता हेही फोन शिकतो. म्हणून सुरुवातीला ब्राइटनेस पटला नाही, तरी सेटिंग लगेच बंद करू नका. स्लायडर हवा तिथे न्या, काही दिवसांत फरक दिसेल.
- अ‍ॅडॅप्टिव्ह बॅटरी: 2018 मध्ये अँड्रॉइड 9 सोबत आली. कोणतं अ‍ॅप तुम्ही किती वापरता हे पाहून, क्वचित उघडल्या जाणाऱ्या अ‍ॅपचं बॅकग्राउंडमधलं काम ती कमी करते.

खरी मेख इथेच आहे. नोकरीचं किंवा कॉलेजचं अ‍ॅप तुम्ही महिन्यातून एकदाच उघडता? मग फोनच्या लेखी ते बिनमहत्त्वाचं, आणि त्याचं नोटिफिकेशन उशिरा येऊ शकतं. यावर उपाय सोपा आहे. त्या अ‍ॅपच्या माहितीत जाऊन बॅटरीचा पर्याय ‘अनरिस्ट्रिक्टेड’ करा. (काही फोनमध्ये नाव वेगळं असू शकतं.)

थोडक्यात, फोन तुमच्या सवयींशी जुळवून घेतो. पण तुमच्यासाठी काय महत्त्वाचं आहे, हे त्याला तुम्हीच सांगायचं असतं.