माशीला माशी

कारकुनाच्या जातीवर मराठी भाषेनं दोन डाग ठेवले आहेत. काम नसलं तर आम्ही माशा मारतो आणि काम असलं तर माशीला माशी मारतो. दुसऱ्यामागची गोष्ट आपल्याला ठाऊक असेलच. एका कारकुनाला जुन्या वहीची हुबेहूब नक्कल करायला सांगितली. वहीत एक चिरडलेली माशी चिकटली होती. पठ्ठ्यानं दुपारभर हिंडून एक माशी मारली आणि नव्या वहीत त्याच ओळीवर डकवली!

या बिचाऱ्याची मीही पुष्कळ चेष्टा केली. पण रद्दीच्या दुकानात गळाने मासे धरण्यावरचं एक इंग्रजी पुस्तक हाती लागलं आणि कळलं, की साहेबाच्या देशात याच कलेवर ग्रंथ लिहिले गेले आणि ऐंशीच्या घरातल्या माणसाला जाब विचारला गेला.

प्रकरण घडलं दक्षिण इंग्लंडात, हॅम्पशायरमधल्या टेस्ट आणि इचन या नद्यांवर. या खडूच्या नद्या. खडू म्हटल्यावर माझ्या डोळ्यांसमोर फळा पुसलेल्या फडक्याचं पाणी आलं. तसं नाही. तिथल्या टेकड्याच खडूच्या. पाऊस आधी त्यांच्या पोटात मुरतो, गाळला जातो आणि झऱ्यांतून सावकाश बाहेर येतो. म्हणजे मुदत ठेव आणि तिचं मासिक व्याज! जगात अशा नद्या दोनशेच्या आसपास. त्यांतल्या बहुतेक इंग्लंडात.

पाणी इतकं नितळ, की माणसाला मासा दिसतो. पंचाईत ही, की माशालाही माणूस दिसतो. इथल्या ट्राउट माशाला माश्या प्रिय. मे-फ्लाय नावाची माशी साधारण दोन वर्षं पिल्लाच्या रूपात तळाशी काढते आणि पंख फुटले की एखाद-दोन दिवसांत मरते. दोन वर्षं नोकरी, एक दिवस पेन्शन. त्या पेन्शनीवरही ट्राउटचा डोळा.

फ्रेडरिक हॅलफर्ड (1844-1914) हा खाऊनपिऊन सुखी गृहस्थ. जॉर्ज मॅरियट या मित्राबरोबर तो नदीवरच्या माश्या पकडायचा आणि गळाच्या आकड्यावर पिसं नि रेशीम गुंडाळून त्यांच्या नकला करायचा. 1886 साली त्याचं पुस्तक निघालं. त्यात नव्वद नमुन्यांची हातानं रंगवलेली चित्रं! पोटाचा रंग, पंखाचा रंग, सगळं माशीला माशी. मग नियम आले. मासा वर येऊन माशी टिपताना आधी दिसला पाहिजे. मग त्याच्या मागं, खालच्या अंगाला उभं राहून कोरडी, तरंगणारी माशी त्याच्यापुढे सोडायची. शिष्यांनी या नियमांचं सोवळं केलं. बुडालेली माशी म्हणजे ओवळं.

जॉर्ज स्क्यूज हा लंडनमधला वकील. 1883 पासून सुटी मिळाली की इचनवर हजर. 1892 च्या सप्टेंबरात त्याची एक माशी काही केल्या तरंगेना. ती बुडाली आणि ट्राउटनं ती आनंदानं गिळली. वकीलच तो, त्यानं थेट पोट तपासलं. नळीतला मगज काढायचा लांब चमचा धरलेल्या माशाच्या घशात घालायचा आणि निघेल तो ऐवज पाण्यात पसरून बघायचा. याला म्हणतात ऑडिट! त्यात पंख न फुटलेली पिल्लं रग्गड निघत. मासा बहुतेक जेवण पाण्याखालीच उरकत होता. हे पुस्तकात मांडायला स्क्यूजनं 1910 साल उजाडू दिलं. म्हणजे अठरा वर्षं.

तरीही 1938 च्या फेब्रुवारीत लंडनच्या फ्लायफिशर्स क्लबात त्याच्या पिल्लांवर वादसभा भरली. तेव्हा तो एकोणऐंशी वर्षांचा होता. त्याच साली इचनवरचा आपला जुना काठ त्यानं सोडला. काय चुकलं होतं त्याचं? माशानं काय खावं याबद्दल त्यानं माशाचं मत घेतलं होतं, एवढंच.

हे वाचून मी पुस्तक मिटलं, कारण मला एक खातं आठवलं. वीस वर्षांपूर्वी शाखेत संगणक आला, तेव्हा लेजरमधल्या शिलका त्यात उतरवायचं काम माझ्याकडे होतं. एका निवृत्त शिक्षिकेच्या खात्यात एका सहामाहीचं व्याज धरायचं राहिलेलं मला दिसलं. एकेचाळीस रुपये. मी साहेबांना दाखवलं. ते म्हणाले, "आहे तसं उतरवा." मी उतरवलं. त्या दिवशीची माझी माशी इतकी हुबेहूब होती, की हॅलफर्डनं पाठ थोपटली असती.

स्क्यूज 1949 साली गेला. त्याच्या पिल्लांना आज जगभर मान आहे. फ्रँक सॉयर नावाच्या नदीच्या रखवालदारानं फेझंट पक्ष्याच्या शेपटीचे तंतू तांब्याच्या तारेनं बांधून केलेलं पिल्लू तर घरोघरच्या पेटीत असतं.

बाई आता स्क्यूजच्या त्या वयाच्या असतील. पेन्शन घ्यायला येतात, मला "बाळ" म्हणतात, आणि मी खाली मान घालून पासबुक भरतो.

परवा मात्र धीर करून व्याजाची टिपणी लिहिली आणि नव्या साहेबांपुढे ठेवली. त्यांनी दोनदा वाचली, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "बरोबर आहे. देऊन टाकू. फक्त याच्या तीन प्रती करा."

"हुबेहूब?" मी विचारलं.