बैठकीवरची धूळ

राजदरबारांच्या वर्णनांत गादी, लोड, तक्के आणि जाजमे यांचा उल्लेख नेहमी येतो. त्यांवरील धूळ कोण झटकीत असे, याचा मात्र क्वचितच येतो. वस्तुतः मराठी राज्यव्यवस्थेने या कामाची उपेक्षा केलेली नव्हती. बारा महाल आणि अठरा कारखाने अशी जी परंपरागत गणना आहे, तीत फरासखान्याला स्थान आहे. तंबू, कनाती आणि बिछायती यांची निगा राखणे हे त्या कारखान्याचे काम. आणि फरास म्हणजे बिछायत घालणारा, झाडणारा व गुंडाळून ठेवणारा सेवक. पुण्याच्या बुधवार पेठेत हे नाव आजही एका पोलीस ठाण्याच्या रूपाने टिकून आहे.

बैठकीची ही रीत मराठ्यांबरोबर दक्षिणेतही गेली. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात एकोजीराजांनी तंजावरास राज्य स्थापिले. १८५५ साली तेथील अखेरचे शिवाजीराजे पुत्रहीन वारले आणि ते राज्य इंग्रजांनी खालसा केले. मात्र त्याच्या आश्रयाने दक्षिणेत रुजलेली मराठी घराणी तेथेच राहिली, आणि त्यांपैकी काहींचा मद्रासशी निकटचा संबंध आला. राजा सर टी. माधवराव हे त्यांतील सर्वांत विख्यात नाव. १८२८ साली कुंभकोणम येथे जन्मलेल्या या मुत्सद्द्याने त्रावणकोर, इंदूर व बडोदे या तीन संस्थानांची दिवाणगिरी केली, आणि आयुष्याचा उत्तरकाळ मद्रासच्या मैलापूर भागात घालविला. तेथेच १८९१ साली त्यांचे निधन झाले. दरबारातील गादी आणि कचेरीतील खुर्ची या दोन्हींशी परिचय असलेली ती पिढी होती. याच काळात सधन घरांच्या दिवाणखान्यांतून काथ्या किंवा घोड्याचे केस भरलेल्या, वर कापड ठोकून बसविलेल्या कोचांना जागा मिळू लागली.

हा बदल दिसावयास लहान, परंतु साफसफाईच्या दृष्टीने मूलगामी होता. गादी उचलता येते, उन्हात टाकता येते आणि अखेरीस उसवताही येते. उत्तरेकडे कापसाची असो वा तमिळ देशात ज्याला इलवम् पंजु म्हणतात त्या सावरीच्या कापसाची असो, तिची खोळ वेगळी धुता येते. आतला कापूस पिंजारी धनुकलीने मोकळा करतो आणि धूळ आपोआप गळून पडते. मैलापूरच्या घरांत पसरली जाणारी कोऱ्याची चटई तर झटकली की झाले. कोचाचे तसे नाही. त्याचे कापड लाकडी सांगाड्याला खिळलेले, आणि आत गेलेली धूळ बाहेर येण्यास वाटच नाही. आसन बदलले, म्हणून हत्यार बदलावे लागले.

जुनी हत्यारे या नव्या कामाला अपुरी पडली. नारळाच्या हिरांचा खराटा अंगणास उत्तम, परंतु तो विणीचे धागे उसवतो. मऊ केसांचा ब्रश वरचा थर उचलतो. खोलात पोहोचत नाही. वेताची झोडपणी खोलातील धूळ हलविते खरी, पण ती धूळ खोलीभर उधळते, आणि ठोक्यांनी आतील भरावही दबून जातो. १८७६ साली अमेरिकेत मेल्व्हिल बिसेल याने फिरत्या ब्रशाची, केर पोटात साठविणारी झाडणी तयार केली. पण तिला सपाट जमीन लागे. कोचाची पाठ व कोपरे तिच्या आवाक्याबाहेरच राहिले.

उत्तर सापडले ते एका खुर्चीवरच. १९०१ साली लंडनमध्ये ह्यूबर्ट सेसिल बूथ या इंग्रज अभियंत्याने हवेच्या झोताने धूळ उडविणारे एक यंत्र पाहिले. उडविण्याऐवजी ओढून का घेऊ नये, हा विचार त्याच्या मनात घोळू लागला. एका उपाहारगृहात त्याने खुर्चीच्या मखमली पाठीवर हातरुमाल ठेवून तोंडाने श्वास आत ओढला. ठसका लागला, परंतु रुमालावर उमटलेला काळा डाग पाहून त्याची खात्री पटली. त्याचे पहिले यंत्र घोडागाडीवरून नेत. ते रस्त्यात उभे राही आणि लांब नळ्या खिडक्यांतून आत जात.

पुढची पायरी एका सफाई कामगाराची आहे. ओहायोतील कँटन गावी एका दुकानात झाडलोट करणारा जेम्स मरे स्पँग्लर दम्याने त्रस्त होता. उडणारी धूळ त्याचा श्वास कोंडीत असे. त्याने विजेची मोटर, फिरता ब्रश आणि उशीचा अभ्रा जोडून हाती धरण्याजोगे यंत्र बनविले आणि १९०८ साली त्याचे एकस्व मिळविले. ते हक्क हूवर कुटुंबाने घेतले. बूथच्या यंत्राने धनिकांचे गालिचे स्वच्छ केले. स्पँग्लरच्या यंत्राचा जन्म झाडणाऱ्याच्या छातीतील कळेतून झाला.

धुळीची ही भीती निराधार नव्हती. १९६४ साली नेदरलँड्समधील लायडनच्या संशोधकांनी दाखवून दिले की घरातील धुळीने होणाऱ्या त्रासाचे एक प्रमुख मूळ म्हणजे डोळ्यांस न दिसणारी माईट. ती दमट हवेत वाढते. समुद्राकाठच्या मैलापुरात दमटपणा तर बाराही महिने असतो.

म्हणूनच तेथे साधनांची तुलना नुसत्या शक्तीवरून करून भागत नाही. आधी कोरडे शोषण: फटींसाठी अरुंद तोंड, सपाट कापडासाठी रुंद तोंड, मखमलीवर फिरता ब्रश नव्हे, तर लवेच्या दिशेने मऊ ब्रश. तेलकट डाग राहिले तरच पाणी. आणि तेही फवारून लगेच परत ओढून घेणाऱ्या यंत्राने. ऑक्टोबर ते डिसेंबरच्या पावसात भिजलेला भराव लवकर वाळत नाही, आणि स्वच्छतेच्या नावाखाली बुरशी मात्र वाढते. शोषक यंत्राची गाळणीही सूक्ष्म हवी. नाही तर पुढून ओढलेली धूळ मागून पुन्हा खोलीत येते, आणि यंत्र म्हणजे केवळ महागडी झोडपणी ठरते.

भारतात ही यंत्रे घरोघरी जाऊन विकणारी युरेका फोर्ब्ज ही कंपनी १९८२ साली स्थापन झाली. आता हे काम व्यवसाय म्हणून करणारे लोक शहरोशहरी आहेत. यंत्र त्यांच्या हाती आले, परंतु नाकातोंडावरची पट्टी पुष्कळदा येत नाही. फरासखान्याच्या काळी बिछायतीची मोजदाद होत असे. ती झाडणाऱ्याच्या श्वासाची होत नसे. कोणते साधन श्रेष्ठ, या प्रश्नाचे उत्तर म्हणूनच केवळ कोचाकडे पाहून देता येणार नाही. काम संपल्यावर धूळ कोठे गेली, पिशवीत की माणसाच्या छातीत, हे पाहूनच ते द्यावे लागेल.