उसळणाऱ्या गाड्यांचा जुना इतिहास

12 जून 2022. अझरबैजानची राजधानी बाकूमधली फॉर्म्युला वन शर्यत मी घरी टीव्हीवर पाहत होतो. लुईस हॅमिल्टन चौथा आला, पण गाडीतून उतरताना त्याला सरळ उभं राहता येईना. हात कंबरेवर गेला. अपघात काहीच झाला नव्हता. दोन किलोमीटरहून लांब सरळ रस्त्यावर त्याची मर्सिडीज प्रत्येक फेरीत उसळत होती आणि प्रत्येक दणका थेट मणक्यात जात होता. एसटीच्या मागच्या बाकावर बसून घाट उतरलेल्यांना थोडी कल्पना येईल. इथे मात्र रस्ता गुळगुळीत होता आणि वेग ताशी तीनशेच्या पुढे.

मला वाटलं, हे काहीतरी नवं दुखणं असावं. वाचायला बसलो तेव्हा कळलं की ते माझ्या पिढीइतकंच जुनं आहे.

1970च्या दशकाच्या मध्यावर लोटस संघाचे पीटर राइट लंडनच्या इम्पिरियल कॉलेजच्या वायुबोगद्यात गाडीच्या छोट्या प्रतिकृतीवर प्रयोग करत होते. प्रतिकृतीच्या बाजूचे भाग वाऱ्याने खाली झुकले आणि गाडीला जमिनीकडे दाबणारं बल अचानक वाढलं. कारण साधं होतं. तळ आणि जमीन यांच्यातली फट अरुंद झाली की हवा तिथून वेगाने जाते, तिचा दाब घटतो आणि गाडी खाली ओढली जाते. फटीच्या कडा पुठ्ठ्याने बंद केल्यावर तर बल आणखी वाढलं. यातूनच लोटस 78 आणि 79 या गाड्या आल्या आणि 1978 साली मारिओ अँड्रेटी जगज्जेता झाला.

पण याच ओढीत खोट आहे. वेग वाढतो तशी गाडी खाली जाते. जितकी खाली, तितकी ओढ जास्त. एका क्षणी तळ रस्त्याच्या इतका जवळ येतो की हवेची वाटच कोंडते. ओढ तुटते, दबलेल्या स्प्रिंग गाडीला वर फेकतात. वर गेली की हवा पुन्हा वाहू लागते, पुन्हा ओढ. हे एका सेकंदात अनेकदा घडतं. पॉरपॉइज हा डॉल्फिनसारखा प्राणी पाण्यात असाच वरखाली होत पोहतो, म्हणून याला पॉरपॉइजिंग म्हणतात.

1979च्या लोटस 80मध्ये कॉलिन चॅपमन यांनी जवळजवळ अख्ख्या गाडीखाली ही ओढ निर्माण करायचा घाट घातला. गाडी इतकी उसळू लागली की कार्लोस रॉइटमनने जुनी 79च चालवणं पसंत केलं. आदल्या वर्षीच्या विजेत्या संघाला त्या मोसमात एकही शर्यत जिंकता आली नाही.

मग सगळ्यांनी सोपा उपाय शोधला: स्प्रिंग कडक करा. गाडी हलेनाशी झाली, पण रस्त्यावरचा प्रत्येक खड्डा चालकाच्या हाडांत उतरू लागला. यावर 1981मध्ये चॅपमन यांनी लोटस 88 आणली. तिला दोन सांगाडे होते. हवेचा भार बाहेरचा सांगाडा झेलणार, चालक आतल्या सांगाड्यात मऊ स्प्रिंगवर बसणार. माझ्या मते तो त्या काळातला सर्वात माणुसकीचा आराखडा होता, चॅपमन यांचा हेतू शर्यत जिंकणं हाच असला तरी. प्रतिस्पर्ध्यांनी हरकत घेतली आणि ती गाडी सरावापलीकडे गेलीच नाही. 1983पासून चाकांमधला तळ सपाट ठेवणं सक्तीचं झालं. प्रश्न सुटला नाही, गाडला गेला.

2022मध्ये गाड्यांना एकमेकींचा पाठलाग सोपा व्हावा म्हणून तळातले बोगदे नियमांतच परत आणले गेले. फेब्रुवारीत बार्सिलोनात गाड्या धावल्या आणि बहुतेक संघ चक्रावले. वायुबोगद्यात जास्तीत जास्त 60 टक्के आकाराची प्रतिकृती आणि ताशी 180 किलोमीटरचा वारा एवढीच परवानगी असते. हे दुखणं त्याहून बऱ्याच मोठ्या वेगाला बाहेर पडतं. रेड बुलची गाडी तुलनेने शांत होती. तिचे रचनाकार एड्रियन न्यूई यांनी 1980च्या सुमारास विद्यार्थी असताना याच विषयावर प्रकल्प केला होता. हा निव्वळ योगायोग असेल, असं मला वाटत नाही.

बाकूनंतर वाद पेटला. गाडी उंच करा, उसळणं थांबेल, असं प्रतिस्पर्धी म्हणत होते. ते खरंही होतं. पण उंच केली की वेग जातो, आणि आपण होऊन वेग कोण सोडणार? पाठ चालकाची, निर्णय संघाचा. शेवटी जागतिक मोटार महासंघाने उसळण्याचं माप ठरवलं. ऑगस्टमधल्या बेल्जियमच्या शर्यतीपासून ते लागू झालं आणि 2023साठी तळाच्या कडा 15 मिलिमीटरने वर घेतल्या गेल्या. 2026च्या नियमांत तळ पुन्हा बराच सपाट झाला आहे.

हॅमिल्टन मात्र यातल्या कशाचीही वाट पाहू शकत नव्हता. बाकूनंतर सातच दिवसांनी तो कॅनडात त्याच गाडीत बसला आणि तिसरा आला.