गर्दनतोड बुखार : सहाराचा वारा, हजची वाट आणि पुण्याची लस

हजचे दिवस जवळ आले की जिल्ह्याच्या ठिकाणी यात्रेकरूंसाठी शिबिरं भरतात. तिथे अरकान समजावले जातात, एहराम कसा बांधायचा ते दाखवलं जातं आणि दंडात एक लस टोचली जाते. ही लस कशाची, असं विचारलं तर बहुतेक जण 'हजचं इंजेक्शन' एवढंच उत्तर देतात. ही लस मेनिंजायटिसची असते. मराठीत या आजाराला मस्तिष्कावरणदाह म्हणतात, उर्दूत गर्दनतोड बुखार. दोन्ही भाषा शिकवणारा माणूस म्हणून मला इथे उर्दूचं नाव जास्त नेमकं वाटतं. मेंदूभोवतीच्या आवरणाला सूज येते, मान ताठ होते, हनुवटी छातीला टेकवता येत नाही. आजाराची ही खूण नावातच आली आहे. उत्तर नायजेरियातले हाउसा लोक त्याला 'सांकरौ' म्हणतात आणि हा शब्द तिथे घराघरांत ठाऊक आहे.

आपल्या दंडातल्या या लसीमागे आफ्रिकेतल्या लाखो माणसांचा इतिहास आहे. आपल्याकडे 'आफ्रिकेतले रोग' हा विषय बहुधा कीव करत किंवा नाक मुरडत बोलला जातो, म्हणून तो इतिहास नीट सांगावासा वाटतो.

पावसाच्या दोन रेषा

लिओं लापेसोनी हे फ्रेंच लष्करातले डॉक्टर. पश्चिम आफ्रिकेत त्यांनी गर्दनतोड बुखाराच्या साथी जवळून पाहिल्या होत्या. १९६३ मध्ये त्यांनी जागतिक आरोग्य संघटनेच्या नियतकालिकात या आजारावर मोठा अभ्यास प्रसिद्ध केला. कुठल्या गावांत, कुठल्या महिन्यांत साथ येते याच्या नोंदी त्यांनी नकाशावर मांडल्या, तेव्हा एक पट्टा दिसला. उत्तरेकडे वर्षाला ३०० मिलिमीटर पावसाची रेषा आणि दक्षिणेकडे ११०० मिलिमीटरची. मोठ्या साथी येत होत्या त्या मुख्यतः या दोन रेषांच्या मधल्या प्रदेशात. या पट्ट्याला पुढे 'मेनिंजायटिस बेल्ट' असं नाव पडलं. आज सेनेगलपासून इथिओपियापर्यंत २६ देश त्यात मोजले जातात. माली, बुर्किना फासो, नायजर, चाड, सुदान आणि नायजेरियाचा उत्तर भाग याच पट्ट्यात येतो आणि यातल्या बऱ्याच भागांत मुस्लिम लोकवस्ती मोठी आहे.

त्यांच्या पद्धतीत एक गोष्ट महत्त्वाची होती. 'ही माणसं अशी कशी?' या प्रश्नात त्या नकाशाला रस नव्हता. 'इथेच का आणि आत्ताच का?' हा त्याचा प्रश्न होता. उत्तरही माणसांच्या वंशात किंवा धर्मात सापडलं नाही, ते आधी हवेत सापडलं.

डिसेंबरपासून सहाराकडून हरमॅटन नावाचा कोरडा, धुळीचा वारा वाहू लागतो. हवेतला ओलावा पार उतरतो. नाका-घशाच्या आतलं नाजूक अस्तर सुकतं, त्याला इजा होते आणि तिथे आधीच वस्तीला असलेल्या जंतूला रक्तात शिरायला वाट मिळते, असा अभ्यासकांचा कयास आहे. मालीतल्या नोंदी तपासल्यावर दिसलं की साथीची सुरुवात फेब्रुवारीच्या पहिल्या पंधरवड्याच्या आसपास, म्हणजे हिवाळी वारा ऐन भरात असताना होते. पहिला पाऊस पडला की साथ ओसरते.

पण वारा दरवर्षी येतो आणि मोठी साथ मात्र साधारण ८ ते १२ वर्षांनी यायची. मग निव्वळ वाऱ्यावर ठपका ठेवून भागत नाही. हा जंतू पुष्कळ निरोगी माणसांच्या घशात कसलाही त्रास न देता राहतो. खोकताना, शिंकताना, जवळ झोपताना तो एकाकडून दुसऱ्याकडे जातो. एका साथीनंतर लोकांत काही काळ प्रतिकारशक्ती असते, ती हळूहळू ओसरते, नवी मुलं जन्माला येतात आणि एखाद्या वर्षी जंतूचा नवा प्रकार येऊन पोचतो. घानाच्या उत्तरेकडे नाव्रोंगो भागात झालेल्या अभ्यासात आणखी दोन गोष्टी पुढे आल्या : बंद स्वयंपाकघरात लाकडाच्या चुलीवर स्वयंपाक करणं आणि रोग्याच्या खोलीत झोपणं. चुलीचा धूर आणि एका खोलीत झोपणारी पाच-सहा माणसं, ही आपल्याकडच्या कित्येक घरांतलीही गोष्ट आहे.

हजची वाट

जंतूचा नवा प्रकार कसा येतो, याचं उत्तर आपल्याला जास्त जवळचं आहे. या जंतूचे अनेक गट आहेत. त्यातल्या 'ए' गटाच्या एका प्रकाराने १९८३-८४ मध्ये नेपाळमध्ये आणि १९८५ च्या सुमारास दिल्लीत साथ आणली. १९८७ च्या हजमध्ये तोच मक्केत दिसला आणि यात्रेकरूंबरोबर वेगवेगळ्या देशांत गेला. १९८८ मध्ये चाड आणि सुदानमध्ये त्याच प्रकाराच्या मोठ्या साथी आल्या. म्हणजे ज्याला आपण 'आफ्रिकेतला रोग' म्हणतो, त्याची एक मोठी लाट आपल्या बाजूने तिकडे गेली होती.

त्यानंतर सौदी सरकारने हजसाठी ही लस सक्तीची केली. २००० मध्ये 'डब्ल्यू-१३५' गटाचा जंतू यात्रेकरूंमध्ये पसरला. यात्रेकरू आणि घरी परतल्यावर त्यांच्या सहवासात आलेले लोक मिळून जगभरात ४०० च्या वर रुग्ण नोंदले गेले. २००२ मध्ये याच गटाने बुर्किना फासोत सुमारे १३ हजार लोकांना गाठलं. तेव्हापासून हजसाठी चार गटांवर काम करणारी लस मागितली जाते. आपण टोचून घेतो ती हीच. ती आपल्या जिवासाठी आहे, तशीच शेजारच्या सफेत उभ्या असलेल्या मालीच्या किंवा नायजरच्या माणसासाठीही आहे.

कानो, १९९६

१९९६-९७ मध्ये या पट्ट्यात तोवरची सर्वांत भीषण साथ आली. अडीच लाखांहून अधिक रुग्ण, सुमारे २५ हजार मृत्यू. एकट्या नायजेरियात १९९६ मध्ये एक लाखाहून अधिक लोक आजारी पडले आणि ११ हजारांहून अधिक गेले. उपचार मिळाले तरी दहातला एक रोगी दगावतो, आणि वाचलेल्यांपैकी १० ते २० टक्क्यांना बहिरेपण, फिट्स किंवा बुद्धीवरचा परिणाम जन्मभर सोबत राहतो.

त्या धामधुमीत फायझर कंपनीची माणसं उत्तर नायजेरियातल्या कानो शहरातल्या संसर्गजन्य रोगांच्या रुग्णालयात आली. ट्रोव्हान नावाचं नवं प्रतिजैविक त्यांना तपासून पाहायचं होतं. २०० मुलं निवडली गेली : १०० मुलांना नवं औषध, १०० मुलांना आधीपासून वापरातलं दुसरं औषध. ११ मुलं दगावली, ५ नव्या औषधाच्या गटातली आणि ६ दुसऱ्या गटातली. त्याच आवारात 'डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स'चे लोक नेहमीच्या, खात्रीच्या औषधाने फुकट उपचार करत होते. डिसेंबर २००० मध्ये अमेरिकेतल्या 'वॉशिंग्टन पोस्ट'ने हे प्रकरण बाहेर काढलं. आपल्या मुलावर प्रयोग होतो आहे हे आपल्याला सांगितलंच नव्हतं, असं पालकांचं म्हणणं होतं. कंपनीचं म्हणणं असं, की तोंडी संमती घेतली होती आणि मृत्यू आजारानेच झाले. खटले वर्षानुवर्षं चालले. २००९ मध्ये कानो राज्याशी साडेसात कोटी डॉलरची तडजोड झाली. कंपनीने दोष कबूल केला नाही.

मृत्यूचे आकडे दोन्ही गटांत जवळपास सारखे आहेत, हे लक्षात घेतलं पाहिजे. पण आईबापांचा प्रश्न आकड्यांच्या आधीचा होता : आम्हाला विचारलं होतं का?

त्याचे पडसाद पुढे उमटले. २००३ मध्ये कानोत पोलिओची लस थांबवली गेली. लसीत मुलींना वांझ करणारं काहीतरी आहे अशी अफवा होती. इराक आणि अफगाणिस्तानातल्या युद्धांमुळे पाश्चात्त्यांविषयीचा संशय होताच आणि ट्रोव्हानची आठवण ताजी होती. साधारण ११ महिने लस बंद राहिली. अखेर इंडोनेशियात, म्हणजे एका मुस्लिम देशात बनलेली लस आणल्यावर मोहीम पुन्हा सुरू झाली. तोवर नायजेरियातला विषाणू अनेक देशांत पोचला होता. २००५ मध्ये खुद्द इंडोनेशियात जी साथ आली, तिचा विषाणूही मूळ नायजेरियातलाच निघाला. अफवेला बळी पडलेल्या माणसांना अडाणी म्हणणं सोपं आहे. पण त्या अफवेखालची जमीन १९९६ मध्ये तयार झाली होती.

५० सेंटची अट

त्याच साथीनंतर दुसरीही एक गोष्ट सुरू झाली. २००१ मध्ये गेट्स फाउंडेशनच्या पैशातून, 'पाथ' ही संस्था आणि जागतिक आरोग्य संघटना यांनी मिळून आफ्रिकेसाठी 'ए' गटाची लस बनवण्याचा प्रकल्प हाती घेतला. डॉ. मार्क लाफोर्स त्याचे प्रमुख होते. काम सुरू करताना त्यांनी आफ्रिकेतल्या आरोग्य अधिकाऱ्यांना विचारलं, तुम्हाला काय हवं? उत्तर स्पष्ट होतं : लस परवडणारी हवी, एका डोसला अर्ध्या डॉलरहून कमी. परवडणार नसेल तर ती असून उपयोग नाही.

या किमतीत मोठ्या कंपन्यांशी जमलं नाही. जमलं ते आपल्या पुण्याच्या हडपसरमधल्या सीरम इन्स्टिट्यूटशी. जुनी लस जंतूच्या आवरणातल्या साखरेपासून बनायची. तिचा असर थोडी वर्षं टिकायचा, अगदी लहान मुलांना ती फारशी उपयोगी नव्हती आणि घशातला जंतूही ती काढत नव्हती. नव्या लसीत ती साखर धनुर्वाताच्या लसीतल्या प्रथिनाला जोडली. हे तंत्र अमेरिकेतल्या सरकारी प्रयोगशाळेतून पुण्याला आलं. पहिली चाचणी भारतात झाली, मग माली आणि गांबियात. मालीत बामाकोचे डॉ. सांबा सो यांच्यासारखे स्थानिक संशोधक पुढे होते. चाचणीआधी गावच्या मोठ्या माणसांशी, आईबापांशी त्यांच्या भाषेत बैठका झाल्या.

६ डिसेंबर २०१० रोजी बुर्किना फासोत मोहीम सुरू झाली. वय वर्षं १ ते २९ मधल्या सगळ्यांना लस द्यायची होती. थोड्याच दिवसांत एक कोटीहून अधिक लोकांनी ती घेतली. डोसची किंमत ५० सेंटपेक्षा कमी, तेव्हाच्या दराने २०-२२ रुपये. २०१२ मध्ये ही लस चार दिवसांपर्यंत ४० अंश तापमानात ठेवायला मान्यता मिळाली, त्यामुळे बर्फाची पेटी नसलेल्या गावांतही ती जाऊ शकली. चाडमध्ये लस घेतलेल्या भागात मेनिंजायटिसचं प्रमाण ९४ टक्क्यांनी घटलं. २०१७ नंतर या पट्ट्यात 'ए' गटाचा एकही खात्रीचा रुग्ण नोंदला गेलेला नाही.

इतर गट अजून आहेत. २०१७ मध्ये 'सी' गटाने नायजेरियात ११०० हून अधिक बळी घेतले. त्यावरही पुण्यातच पाच गटांवरची लस बनली आणि २०२४ मध्ये ती साथीविरुद्ध वापरणारा पहिला देश नायजेरियाच ठरला. ज्या देशात कानो आहे, त्याच देशात.

आपल्याकडे

वारा तोच, जंतू तोच, लोकही तेच. १९९६ आणि २०१० मध्ये फरक होता तो विचारण्याचा. एकीकडे लोकांवर प्रयोग झाला, दुसरीकडे लोकांना विचारून काम झालं. धूळ, धूर आणि गर्दी यांच्या जोडीला विश्वासाचा अभाव हेही आजाराचं एक कारण आहे, ते आकडेवारीत सहज दिसत नाही एवढंच.

२०२२ च्या अखेरीस गोवंडी, भिवंडी आणि मालेगावात गोवर पसरला, तेव्हा चर्चा लगेच 'हे लोक लस घेत नाहीत' इथवर पोचली. 'इथेच का, आत्ताच का' असं विचारलं असतं, तर एका खोलीत राहणारी कुटुंबं दिसली असती, काम शोधत सतत जागा बदलणारे आईबाप दिसले असते, कोविडच्या काळात चुकलेले डोस दिसले असते. आणि हो, अफवाही दिसल्या असत्या. त्या नाकारून चालणार नाही, आणि त्यांचं उत्तर देण्याची जबाबदारी आपल्यावरही आहे.

शाळेत लसीकरणाचा दिवस असतो तेव्हा काही आया हळूच विचारतात, 'सर, इस में क्या है?' या प्रश्नाला मी विरोध समजत नाही. कानोच्या आयांना हाच प्रश्न विचारायचा होता. म्हणून उर्दू शाळांमधल्या माझ्या सहकाऱ्यांना एक सुचवणं आहे. लसीकरणाच्या आठवडाभर आधी पालकांना बोलवा, लस कशाची आहे, ती कुठे बनते, त्यानंतर एक-दोन दिवस ताप का येऊ शकतो हे उर्दूत लिहून द्या, आणि प्रश्न विचारायला आरोग्यसेविकेला समोर बसवा. हजच्या शिबिरातही दहा मिनिटं यासाठी ठेवता येतील. आपल्या दंडात काय टोचलं जातंय आणि ते कुणामुळे आपल्यापर्यंत आलं, हे हाजींना कळायला हवं.