सेवा चांगली झाली, हे कोण ठरवणार? इरिहापेती रॅम्सडेन यांनी नर्सिंगला विचारलेला प्रश्न

"आमच्यासाठी सगळे रुग्ण सारखेच." ऐकायला किती छान वाटते! वंश, रंग, धर्म न पाहता सेवा करायची, हे तर नर्सिंगचे ब्रीदच. पण विषमतेकडे न पाहिल्याने ती नाहीशी होते का? न्यूझीलंडमधील माओरी नर्स आणि संशोधक इरिहापेती रॅम्सडेन (१९४६–२००३) यांनी या ब्रीदावरच बोट ठेवले.

त्यांच्या प्रश्नामागे इतिहास आहे. १८४० मध्ये ब्रिटिश सत्ता आणि माओरी प्रमुख यांच्यात वाइतांगीचा करार झाला. पुढच्या काही दशकांत युद्ध, जप्ती आणि कायदे यांच्या मार्गाने माओरींची बहुतेक जमीन गेली. १९०७ च्या एका कायद्याने त्यांच्या पारंपरिक वैद्यांवर बंदी आली. तो कायदा १९६२ मध्ये रद्द झाला. १९१८ च्या इन्फ्लूएंझाच्या साथीत माओरींचा मृत्युदर गोऱ्यांपेक्षा अनेक पटींनी जास्त होता. ज्या व्यवस्थेने जमीन घेतली, तिचेच हॉस्पिटल. मग माओरी माणूस तिथे निर्धास्तपणे कसा जाणार?

एक उदाहरण घ्या. माओरी भाषेत जमीन आणि वार (प्रसूतीनंतर बाहेर पडणारी) या दोन्हींना एकच शब्द आहे, 'फेनुआ'. वार आपल्या भूमीत पुरायची, ही त्यांची रीत. हॉस्पिटलच्या लेखी मात्र तो टाकून द्यायचा कचरा. नर्सच्या मनात द्वेष नसेलही. तरी बाळंतिणीचा अपमान झालाच.

रॅम्सडेन स्वतः नर्स होत्या. पुढे त्यांनी मानववंशशास्त्राचा अभ्यास केला आणि नर्सिंगचे अध्यापनही केले. १९८८ मध्ये ख्राइस्टचर्चच्या एका मेळाव्यात एका माओरी विद्यार्थिनीने विचारले की, तुम्ही कायदेशीर आणि नैतिक सुरक्षिततेबद्दल बोलता, मग सांस्कृतिक सुरक्षिततेचे काय? रॅम्सडेन यांनी या प्रश्नातून पूर्ण विचार उभा केला. १९९२ मध्ये न्यूझीलंडच्या नर्सिंग कौन्सिलने त्यासाठी मार्गदर्शक तत्त्वे काढली आणि तो नर्सिंग व सुईणकामाच्या शिक्षणाचा भाग झाला.

यात नवे काय होते? अमेरिकेत मॅडेलिन लायनिंगर यांनी आधीच आंतरसांस्कृतिक नर्सिंगची मांडणी केली होती. तिचा भर नर्सने रुग्णाची संस्कृती जाणून घेण्यावर होता. रॅम्सडेन यांनी दिशाच उलटी केली. रुग्णाच्या चालीरीतींची यादी पाठ करू नका, आधी स्वतःला तपासा. तुमचे पूर्वग्रह कोणते? तुमच्या हातात कोणती सत्ता आहे, आणि ती कुठून आली? संस्कृती म्हणजे त्यांच्या लेखी केवळ वंश नव्हे. वय, लिंग, वर्ग, धर्म, अपंगत्व हे सगळे त्यात आले. आणि सर्वांत महत्त्वाचे, सेवा सुरक्षित होती की नाही याचा निर्णय सेवा घेणारा देईल, देणारा नाही.

हे प्रस्थापितांना झोंबणारच होते. १९९३ पासून वर्तमानपत्रांत ओरड सुरू झाली की नर्सिंगच्या नावाखाली राजकारण शिकवले जाते. १९९५ मध्ये प्रकरण संसदीय समितीपर्यंत गेले. कौन्सिलने तत्त्वांचा फेरविचार केला, सुधारणा केल्या, पण मूळ विचार सोडला नाही. आणि राजकारणाचा आरोप कोणावर? माओरींचे वैद्य बेकायदा ठरवणे हे राजकारण नव्हते काय?

रॅम्सडेन यांनी २००२ मध्ये याच विषयावर पीएच.डी. पूर्ण केली. एप्रिल २००३ मध्ये त्यांचे निधन झाले. त्याच वर्षी झालेल्या कायद्याने सर्व आरोग्य व्यावसायिकांच्या मंडळांवर सांस्कृतिक सक्षमतेचे निकष ठरवण्याची जबाबदारी टाकली. २०१९ मध्ये तिथल्या मेडिकल कौन्सिलनेही डॉक्टरांसाठी सांस्कृतिक सुरक्षिततेची भूमिका घेतली. नर्सिंगमधून निघालेला विचार डॉक्टरांनी स्वीकारावा, हेही उल्लेखनीय.

"आम्ही जात मानत नाही" हे वाक्य ज्यांनी आयुष्यभर ऐकले आहे, त्यांना रॅम्सडेन वेगळ्या समजावून सांगाव्या लागणार नाहीत. समतेचा दावा करणारा स्वतःच स्वतःला गुण देऊ शकत नाही. ते गुण खाटेवर पडलेल्या माणसाने द्यायचे असतात.